उरणचा मुरडा

पनवेल, २ डिसेंबर १९५३

प्रिय कमळाकर,

नमस्कार पोचावा. पत्र मिळाले. अक्षर पाठशाळेत होते तसेच आहे, किरटे आणि घाईचे. मिठागरे ठीक, तुझी कंबर ठीक, वहिनींचे गुडघे ठीक, असे सगळे ठीक वाचून बरे वाटले. इकडे थंडी पडली आहे. वर्गात मुले धातूंची रूपे चुकतात आणि माझी छडी कपाटावर धूळ खाते.

माझ्या पोटाची चौकशी केलीस. नेहमीच करतोस. "त्र्यंबका, ओटीवर टेकलास की निघालास तांब्या घेऊन!" असे म्हणून हसतोसही. तेव्हा सविस्तर ऐक.

बेलाचा मुरंबा झाला, कुड्याची साल झाली, इसबगोल झाले. अखेर आमच्या पेठेतल्या गर्शोम डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासले, म्हणाले, "मास्तर, आतड्यात रोग नाही. आतडं घाबरलंय."

म्हटले, "आमच्या वैद्यकात भयातिसार आहेच. पण भ्यायला मी काय ससा आहे?"

"मुरडा कधी येतो?"

"लेकीकडे उरणला गेलो की. हटकून."

"तिथे खाता काय?"

"पाणीसुद्धा घेत नाही. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे घ्यायचे नसते." (तुला ठाऊकच आहे. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याच्याच घरी लेक देऊन मी उपाशी!)

"मग खाण्याला दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "तिथे तुम्ही काहीतरी पाहताय किंवा ऐकताय. तुम्हाला कळत नाही, पोटाला कळतं."

मी हसलो. पण गेल्या सोमवारी तुझ्याकडे आलो तो हा किडा डोक्यात घेऊनच. तू ओटीवर श्लोकांच्या भेंड्या लावल्यास. माझ्यावर 'म' आला आणि पोटात सुरी फिरली. तांब्या उचलून परसाकडे निघालो.

न्हाणीच्या आडोशाला तुझा महादेव माझ्या वेणूचे केस मुठीत धरून तिचे तोंड दगडी डोणीच्या काठावर आपटत होता. "बापाला काय सांगितलंस? बोल ना." आवाज हळू, अगदी सभ्य. ती बोलणार कशी? तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. स्वतःच. सवयीने. डोणीतले पाणी लाल झाले होते.

शौचाचा तांब्या हे आयुध कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही, पण पितळ ते पितळच. पहिला घाव दातांवर बसला, दुसरा कानाखाली. तिसरा मारला तेव्हा तो खाली पडलेला होता. तोही लिहितो, कारण तुझ्या पत्रात "किरकोळ बाचाबाचीत महादेवाचे दोन दात गेले" असे आहे. किरकोळ नव्हते. आणि मला बरे वाटले, कमळाकर. फार बरे वाटले. त्या बरे वाटण्याची अजून भीती वाटते.

वेणूला तशीच गाडीत घालून पनवेलला आणले. गर्शोम डॉक्टर तिला तपासून बाहेर आले ते बराच वेळ हातच धूत राहिले. डावा हात मोडला आहे. दोन बरगड्या पूर्वीच मोडून वाकड्या जुळल्या आहेत. आषाढात पाय घसरून पोटातले गेले, असे तुम्ही आम्हाला कळवले होते. पाय होता खरा. तिचा नव्हता.

इतका वेळ छडी न् मुरंबा लिहितो आहे, तो एका गोष्टीपाशी यायला नको म्हणून. मी उठून गेल्यावर ओटीवर तू एकटाच होतास. भेंड्या एकट्याने लागत नाहीत. तरी तुझा श्लोक चालू होता, आणि डोणीवर डोके आपटले की तुझा आवाज चढत होता. दर खेपेला तो असाच चढायचा. मला वाटायचे, मित्राला खेळाचा रंग चढला. माझे कान तू फसवलेस. पोट फसवता आले नाही.

तू लिहितोस, झाले गेले विसरू, रविवारी महादेव येऊन सुनेला घेऊन जाईल. ते मी वेणूला वाचून दाखवले. ती एका हाताने तांदूळ निवडत होती.

म्हणाली, "मी जाणार नाही, बाबा. त्यांना येऊ नका म्हणावं. मामंजींना मात्र बोलवा. एकट्यांना. माझ्यासमोर बसू देत, गप्प."

हिने विचारले, "ते कशाला गं?"

"माझं सगळं सांगून होईस्तोवर."

रविवारी दार तुझ्यासाठी उघडे असेल. तुझ्याबरोबर महादेव आला, तर उंबऱ्यावर मी उभा आहे.

तुझा (हा शब्द अजून खोडलेला नाही),
त्र्यंबक