राजू असा का झाला

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले. तुम्ही जन्मभर जे उत्तर शोधत होतात, ते काल पुण्यात मिळालं. पुरतं नाही, पण मिळालं.

मला सातवा महिना लागलाय. पोटातलं बाळ माझ्या भावासारखं, आपल्या राजूसारखं होईल का, हे विचारायला मी राजूलाच घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्याच्या वागण्याला नाव आहे, आबा. ऑटिझम, मराठीत स्वमग्नता.

बेल्ह्याच्या बैलबाजारात तुम्ही त्याला टेंपोत बसवायचात, आठवतं? भोवती एवढा गलका, आणि हा आपला घमेलं गरागरा फिरवतोय. नावानं हाक मारली तर वळायचा नाही. लांबवर घुंगूरमाळ वाजली की मात्र लगेच मान वर! ऐकू येतं की नाही, यावर बैलांचे सौदे करणाऱ्या हेडी लोकांत पैजा लागायच्या.

कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्ही सोडून. थोरली काकू म्हणायची, "गिऱ्हाणात इळी धरली व्हती हिनं." आई खाली मान घालायची. एकदा तुम्ही गोठ्यातून ओरडलात, "त्याच गिऱ्हाणात आपल्या दोन गाई गाभण व्हत्या. त्यांची वासरं कशी उड्या मारत्यात? त्यांनी इळी धरली न्हाई म्हून?" कुणी पोलिओच्या डोसावर खापर फोडलं. तुम्ही म्हणालात, "डोस तर साऱ्या गावच्या पोरांनी घेतलाय."

एवढं तर्काचं डोकं, मग माझी सोयरीक का मोडलीत? निमगावच्या मामाच्या सुरेशला मला द्यायचं, हे मी परकर नेसत होते तेव्हापासूनचं ठरलेलं. आईही तुमच्या मामाचीच मुलगी, त्यामुळे त्यात नवल कुणालाच नव्हतं. आणि सुपारीच्या तोंडावर तुम्ही नाही म्हणालात. कारण विचारलं तर उठून वैरण टाकायला गेलात. मामानं आपला उंबरा सोडला. आईची भाऊबीज गेली. पुढं मी मंचरला दिले गेले, सुखात आहे, पण आईचं तोंड त्या दिवाळीला जे उतरलं ते उतरलंच.

तुम्ही गेल्यावर टेंपोवाले बाळूभाऊ बोलले. "घरच्या गाईला घरचा वळू लावायचा न्हाई, ही रीत आबांनी कधी मोडली न्हाई. 'माणसात मीच मोडली, म्हून पोरगं असं झालं,' असं म्हणायचे. 'लेकीचं तरी तसं नगं.'"

म्हणजे आईच्या डोक्यावरचं खापर काढून तुम्ही गुपचूप स्वतःच्या डोक्यावर घेतलंत! तिला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलात का? अहो, भाऊ तुटल्याचं तिला त्याहून वाईट वाटलं. मीही तिला काही सांगितलं नाही. खरं की खोटं ठाऊक नसताना काय सांगणार होते?

म्हणून काल डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, मेंदूची घडण पोटात असतानाच वेगळी होते. त्यात जनुकांचा मोठा वाटा, आणि तीही एक नाही, पुष्कळ. काही आईबापांकडून येतात, काही बाळातच नव्यानं बदलतात. ग्रहण नाही, लस नाही, आईची माया कमी पडली असंही नाही. "आणि नात्यातलं लग्न?" मी विचारलं. "त्यानं काही आजारांची शक्यता वाढते. पण तुमच्या भावाचं कारण तेच, असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." माझ्या बाळाला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, पण बहुतेक नाहीच होणार. आत्ता पोटात तपासून ते कळतही नाही.

मग औषध? हे घालवणारं औषध नाही, आबा. झोप लागत नसेल, फिट येत असेल, तर त्याच्यापुरतं असतं. बाकी सगळं शिकवणं. ते जितक्या लवकर, तितकं बरं. बाईंनी राजूपुढं भाकरीचं आणि पाण्याचं चित्र ठेवलं. त्यानं दोन्ही हुंगली, बाजूला ठेवली. पुन्हा दाखवली, पुन्हा तेच. बऱ्याच वेळानं पाण्याचं चित्र त्यानं माझ्याकडे सरकवलं. मी तांब्या दिला, तो घटाघटा प्यायला. इतकी वर्षं तो डोकं आपटायचा तेव्हा आपण देवाला जायचो. त्याला तहान लागलेली असायची का हो?

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, तुमच्या वळूसकट. ती मेथी निवडत होती. तिनं जुडी खाली ठेवली.

"येवढंच व्हतं? मला बोलले असते तर मीबी निम्मं माझ्या डोक्यावर घेतलं असतं."

मग पदरात तोंड घालून रडली. मी तिला रडू दिलं.

येत्या भाऊबीजेला मी तिला निमगावला नेणार, राजूसकट. मामाला तुमचं कारण तुमच्याच शब्दांत सांगणार. आणि माझं बाळ हाकेला वळलं नाही, तर कुणामुळं, हे विचारत बसणार नाही. त्याला काय हवंय, ते आधी विचारीन.

तुमची लेक,
शोभा