ताईची उरलेली दोन मिनिटे वीस सेकंद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्त्याहत्तर, बंदरावरचा निवृत्त क्रेनचालक आणि एकवीस वर्षे कामगार संघटनेचा सचिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना म्हणाले, "जीभ शाबूत आहे, म्हणजे बाकीचं असणारच." माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न तिघांनी केला. दोघे बंदर चालवणाऱ्या कंपनीचे होते, तिसरा माझा मुलगा. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. त्यात समुद्राकाठची जागा मुलाला दिली होती. ती आता त्याला मिळणार नाही. का, ते त्याला माझ्याकडूनच कळावे, म्हणून हा कागद थोडा लांबला आहे.

एक. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक सूनबाई आणि मुलगा यांना निम्मी निम्मी. तिचे नाव आधी लिहिले आहे, कारण घर ती चालवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मागच्या खोलीच्या दाराला किंचित वर उचलून ढकलावे लागते. ते दुरुस्त करतो असे मी माझ्या पत्नीला तीस वर्षे सांगत होतो. मुलाने ते करावे आणि मनातल्या मनात तिला कळवावे.

दोन. पुस्तकांची चारही कपाटे सार्वजनिक वाचनालयाला. समासात मी ठिकठिकाणी लेखकांशी भांडलो आहे. ते खोडू नये. काही भांडणांत मी हरलो आहे, तेही वाचणाऱ्याला कळू दे.

तीन. सभांमध्ये वापरलेला हातातला कर्णा कोणालाही देऊ नये. बॅटरी काढून घ्यावी आणि त्यात सूनबाईने झाड लावावे.

चार. कंपनीचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही सगळे 'गुळगुळीत' म्हणतो, त्यांना माझा पाठीला लावायचा पट्टा. तीन वर्षे ते माझ्या दारी येत आहेत आणि दर वेळी वाकून नमस्कार करत आहेत. त्यांची पाठ नक्की दुखत असणार.

पाच. समुद्राकाठची जागा. होडी ठेवायची जुनी शेड, तिच्यापुढचा खडकाळ पट्टा आणि ओहोटीच्या रेषेपर्यंतचा चिखल, एवढी ही जागा. वडिलांनी ती एकट्या माझ्या नावावर केली. माझी थोरली बहीण तेव्हा त्याच चिखलात गुडघाभर उभी राहून शिंपल्या वेचत होती आणि त्या विकून आमचे घर चालवत होती. मी क्रेनवर नुकता लागलो होतो. "ताईचं काय?" असे मी वडिलांना विचारले नाही. पुढे हजारो लोकांच्या हक्कांसाठी घसा फोडला, पण हा एक प्रश्न घशातच राहिला.

आता मुख्य गोष्ट. बावीस वर्षांपूर्वी नव्या धक्क्यासाठी जनसुनावणी झाली. मी संघटनेतर्फे व्यासपीठावर होतो आणि धक्क्याच्या बाजूने होतो. चारशे माणसांना काम मिळणार होते. रिकाम्या डब्याकडे बघणाऱ्या माणसाला समुद्राचे सौंदर्य ऐकवणाऱ्यांचा मला तेव्हा राग येत होता. तो राग आजही आहे आणि तो मी कोणाच्या नावावर करून जाणार नाही, सोबत नेणार आहे.

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे होती. ताई उठली. हातात घडी घातलेला कागद. म्हणाली, "धक्का होणार तिथं पाण्याखाली गवत आहे. माशांची पिल्लं त्यातच मोठी होतात. गाळ उपसला की पाणी गढूळ होईल, गवताला ऊन मिळणार नाही. मला विचारायचंय की..."

तिचे चाळीस सेकंद झाले होते. समोरच्या घड्याळात मी पाहिले होते. माझ्यापुढे ध्वनिक्षेपक होता आणि जिभेवर वाक्य तयार होते. मी म्हणालो, "ताई, गवताला मत नसतं."

सहाशे माणसांचे सभागृह हसले. ताईनेही थोडे हसल्यासारखे केले, कागदाची आणखी एक घडी घातली आणि खाली बसली. संध्याकाळी तिच्याकडून नेहमीसारखा जेवणाचा डबा आला. मी एकटा राहत होतो, पत्नी जाऊन वर्ष झाले होते, मुलगा शिकायला बाहेर होता. डब्यात सगळे नेहमीचेच होते. त्या डब्याने मला जे सुनावले, ते माझ्या कुठल्याच विरोधकाला जमले नाही.

सहा. कंपनीचा त्या वेळचा दोनशे बारा पानांचा पर्यावरण अहवाल वाचनालयाला देऊ नये, मुलाला द्यावा. त्यात एकशे चाळिसाव्या पानावर लिहिले आहे, 'तळाशी चिखल, वनस्पती नगण्य.' त्याच पानावर पाहणीचे महिने दिले आहेत. ते ऐन थंडीचे आहेत. थंडीत ते गवत वरून झडते आणि नुसती मुळे चिखलात राहतात. सुट्टीत शाळेत जाऊन 'गावात मुले नाहीत' असे लिहावे, तशी ती पाहणी. हे शिंपल्या वेचणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. मी ते पान वाचले होते, त्यावर पेन्सिलने खूणही केली होती. समासात जगभरच्या विद्वानांशी भांडलो, पण एक गल्ली ओलांडून ताईला विचारले नाही.

धक्का झाला. चारशे जण लागले, हे खरे. नंतर यंत्रे आली आणि आता साठ उरले आहेत, हेही खरे. आठ वर्षांत गवत गेले, पिल्ले गेली, होड्या दुसऱ्या दिवशी परतण्याइतक्या लांब जाऊ लागल्या. फक्त आमच्या खडकाच्या आडोशाला, जिथे पाणी अजून नितळ आहे, तिथे चार खोल्यांएवढे गवत राहिले.

राहिले असे मला वाटत होते. तीन वर्षांपूर्वी शेडचे कुलूप बदलायला गेलो तर ताई ओहोटीत बसलेली. मांडीवर जुन्या जाळ्याचा तुकडा, त्याला ती सुती दोऱ्याने गवताचे कोंब बांधत होती. मग तो तुकडा चिखलात दाबून वर दगड ठेवला.

"हे कधीपासून?" मी विचारले.

"झाली की एकोणीस वर्षं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू भाषणात असायचास. बादली धर जरा."

तेव्हापासून मी बादली धरतो. गाठ मला जमत नाही. वीस टनांचा खोका पाण्याच्या पेल्यासारखा अलगद ठेवलेले हे हात, पण कोंब मोडतात. ताई म्हणते, "असू दे. तू नुसता उभा राहा, वारा अडतो."

सात. मुलास. दुसरा धक्का बांधायला कंपनीला आपलीच जागा लागते. ती मिळाली तर तुला कायम करतील असे तुला सांगितले आहे, आणि तू कंत्राटावर पाच वर्षे काढली आहेस. मागच्या महिन्यात या टेबलाशी बसून तू म्हणालास, "बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना नोकऱ्या लावल्या. माझीच काय ती गवतावर अडकली." तुझा राग रास्त आहे. तो करत राहा, पण आत्याकडे जाणे थांबवू नकोस. आणि नोकरी जमिनीच्या तुकड्यावर टांगून ठेवणारा मालक एकदा तुकडा मिळाल्यावर शब्द पाळेलच, असे मला माझ्या एकवीस वर्षांत दिसलेले नाही. अहवाल तुला यासाठी, की तू माझ्यापेक्षा नीट वाचतोस.

आठ. समुद्राकाठची जागा शेडसह माझ्या थोरल्या बहिणीला, पूर्ण मालकी हक्काने. वकिलांनी सुचवले, 'कंपनीला विकू नये' अशी अट घाला. मी घालणार नाही. तिने काय करावे हे मी जन्मभर सांगत आलो. ती उद्या सकाळी विकेल, दान करेल, नाहीतर माझ्या मुलाला देईल. तो तिचा प्रश्न. माझ्या नावावर ती जागा चुकून थांबली होती, ती पुढे जात आहे.

नऊ. माझ्या शोकसभेत कोणीही भाषण करू नये. ध्वनिक्षेपक ताईकडे द्यावा. तिच्या तीन मिनिटांपैकी दोन मिनिटे वीस सेकंद माझ्याकडे आहेत. ती तिला परत करावीत आणि ती बोलत असताना कोणी हसू नये.

(कलम नऊ रद्द. खाली कारण दिले आहे.)

काल मी हे कलम ताईला वाचून दाखवले. ती शिंपल्या धूत होती.

"म्हणजे तू मेल्यावर मी बोलायचं?"

"हो."

"आणि तू ऐकणार कसा?"

सुनावणीतला तो कागद अजून आहे का, असे मी विचारले. म्हणाली, "त्यात तेव्हाच कोणाला तरी शिंपल्या बांधून दिल्या. पण आठवतंय मला." मग हात पुसून ती समोरच्या खुर्चीत बसली आणि बोलली. मी घड्याळ पालथे ठेवले होते. दोन मिनिटांपेक्षा बरेच जास्त झाले असावे. कोणत्या महिन्यात कोणती पिल्ले येतात, पाणी किती नितळ लागते, सगळे सांगितले. शेवटी तो अर्धा राहिलेला प्रश्न आला. "मला विचारायचंय की हे गवत गेलं, तर परत कोण लावणार?"

बावीस वर्षांपूर्वी हा प्रश्न पुरा होऊ दिला असता, तरी सभागृहात कोणाकडेच उत्तर नव्हते. माझ्याकडे तर नव्हतेच. आणि मग ती घरी गेली, मला डबा पाठवला, आणि उत्तर स्वतःच द्यायला लागली.

दहा. निळी बादली. ही माझी स्वतःची, दुकानातून पैसे देऊन घेतलेली. माझ्यामागे ती मुलाने धरावी अशी माझी इच्छा आहे. हा हुकूम नाही. गाठ त्याला जमेल, त्याच्या आईची बोटे आहेत त्याची.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: लिहून ठेवणारा.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. (वाचून झाल्यावर चष्मा पुसत होते.)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा न्हावी. याला माझा दाढीचा आरसा हवा होता. साक्षीदाराला काही मिळत नाही म्हटल्यावर थोडा विचार करून म्हणाला, "मग सहीच करतो."

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. तारीख: चौदा मार्च. वेळ: सकाळी आठ चाळीस. ओहोटी नऊ दहाला आहे. ताई दारात उभी आहे आणि बादली माझ्याकडे आहे, म्हणून इथेच थांबतो.