लिटरला साडेचार मैल

मी, नाथाजी जोतिबा बर्गे, वय चौसष्ट, धंदा शेती व जीप भाड्याने चालवणे, फौजेतला निवृत्त हवालदार ड्रायव्हर, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, आज माझे डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहवून घेत नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे. डॉक्टरांनी माझी छाती तपासून नुसती मान हलवली. इंजिनाला कान लावून मीही चाळीस वर्षे तशीच मान हलवत आलो आहे, म्हणून त्यांना जास्त विचारले नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व ओढ्याकाठची अडीच एकर उसाची जमीन माझा मुलगा कृष्णात यास द्यावी. घराचा पुढचा सोपा मात्र माझी पत्नी बनुबाई हिच्या हयातीत तिचाच राहील. तिथून तिला कोणी उठवू नये, आणि तिच्या तुळशीसमोर सायकली लावू नयेत.

२. पोस्टातली बचत बनुबाईची. त्यात कोणी वाटा मागू नये. ती तिने साठवली आहे, मी फक्त सह्या केल्या.

३. माझा लोखंडी जॅक मेहुणे बाळासो यांना द्यावा. पुतणीच्या लग्नात भर मांडवात ते म्हणाले होते, “दाजींची जीप लय खादाड.” त्याच दिवशी परतताना त्यांची स्वतःची मोटार रहिमतपूरच्या अलीकडे बंद पडली आणि माझ्या खादाड जीपने ती दोर लावून घरापर्यंत ओढत आणली. त्यांच्याकडे अजून जॅक नाही. पान्यांची पेटी कृष्णातला द्यावी, निदान गंज तरी पुसून ठेवील.

४. आता जीप. ती कोणाची, हे सांगण्याआधी ती काय आहे ते लिहून ठेवतो, कारण कृष्णात सांगलीच्या नोकरीवरून सुट्टीला आला की “भंगारात काढा, डिझेल पिते” एवढे एकच वाक्य बोलतो.

ही गाडी मी १९६१ साली खडकीच्या फौजी लिलावात घेतली. तेव्हा ती पेट्रोलवर होती. चार वर्षांनी तिला जुने चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवून घेतले. दिवाळीत आणि उन्हाळ्यात तिने महाबळेश्वरला पाहुणे फिरवले, आणि सुगीत मळणी यंत्र मागे जोडून कोरेगावपासून शिराळ्यापर्यंत खळी केली. टाकीत कडुलिंबाची काठी बुडवायची, काठीवर चाकूने पाडलेल्या खुणा बघायच्या, मीटरचे मैल बघायचे आणि वहीत लिहायचे, ही माझी रोजची पूजा. रिकामी गाडी सपाटीला लिटरला साडेसात मैल देते. सहा माणसे घेऊन पसरणीचा घाट चढताना साडेपाच. मळणी यंत्र ओढताना साडेचार. दीड टनाचे धूड मागे घेऊन लिटरला साडेचार मैल! ज्याला हे कमी वाटते त्याने ते यंत्र हाताने फर्लांगभर ढकलून बघावे आणि मग आपण किती भाकरी खाल्ल्या ते मोजावे.

जो कोणी ती चालवेल त्याने एवढे पाळावे. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा फक्त चिखलात किंवा ओढ्यात टाकायचा. पक्क्या रस्त्यावर तो काढायचा विसरला, तर डिझेल गेलेच आणि दात झिजले ते वेगळे. मागे यंत्र असताना पंचवीस मैलांच्या वर जायचे नाही. यंत्राच्या चाकांतही हवा बघायची. लोक गाडीची हवा बघतात आणि मागच्याची विसरतात.

५. हे कलम लिहायला मला पाच वर्षे लागली.

वर लिहिलेले साडेचार मैल माझे नाहीत, ते केरबा पाटोळे याचे आहेत. शिराळ्याचा हा माणूस माझ्याकडे सात वर्षे ड्रायव्हर होता. मी फौजेत शेकडो ड्रायव्हर पाहिले, असा पाय पाहिला नाही. चढ दिसायच्या आधी त्याला तो कळायचा. गिअर असा बदलायचा की मागे बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळू नये. मी स्वतः चालवली तर यंत्रासकट चारच्या थोडे वर मिळायचे, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो.

१९७१ च्या दिवाळीत मी गाडीला नवे टायर घातले. जुन्या मापाचे मिळेनात, म्हणून मोठ्या मापाचे घेतले, दिसायलाही रुबाबदार. त्या सुगीत वहीतले आकडे घसरले. यंत्र ओढताना साडेचारचे चार झाले, रिकामी गाडी साडेसहावर आली. म्हणजे शंभर लिटरमागे अकरा-बारा लिटर गायब. केरबाच्या मेहुण्याने त्याच वर्षी विहिरीवर डिझेल इंजिन बसवले होते. माझे डिझेल त्या विहिरीवर जाते, असे मी ठरवून टाकले.

खळ्यावर आम्ही चपला घालून जात नाही. तिथे धान्याची रास असते आणि राशीसमोर खोटे बोलत नाहीत. शिराळ्याच्या खळ्यावर, केरबाच्या सासुरवाडीच्या पंचवीस-तीस माणसांसमोर, मी फौजी बूट घालून मधोमध उभा राहिलो आणि त्याला डिझेलचोर म्हणालो. तो एवढेच बोलला, “हवालदार, मीटरवर इस्वास हाय, मग माज्यावर का न्हाई?” किल्ली त्याने राशीपासून लांब, दगडावर ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर त्या भागात त्याच्या हातात कोणी गाडी दिली नाही. आजही तो साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या मोळ्या उतरवतो.

पुढच्या वर्षी सुगीतच एक टायर फुटला. स्टेपनी जुन्या मापाची होती. ती नव्या टायरशेजारी टेकवली, तर नवा टायर चार बोटे उंच. तिथेच हिशेब उलगडला. चाक मोठे, म्हणून एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर फेरेच मोजतो. गाडी बारा मैल चालली की मीटर साडेदहा दाखवणार. मैल कमी दिसत होते, डिझेल कुठेच जात नव्हते. कोरेगाव ते सातारा बारा मैल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे झाल्यापासून मी त्यांच्याकडे बघणेच सोडले होते. फौजेतून आलेला मीटर खोटे बोलणार नाही, अशी माझी खात्री होती.

सगळे कळल्यावरही पाच वर्षे मी गप्प बसलो. हवालदाराने ड्रायव्हरची माफी कशी मागायची, हा ताठा होता. दुसरे कारण नाही. मला त्याची लाज वाटते.

तरी मी याद्वारे लिहून देतो की केरबा पाटोळे याने माझ्या गाडीतून थेंबभरही डिझेल कधी घेतले नाही.

६. जीप, यंत्र ओढण्याच्या सगळ्या साहित्यासह, केरबा पाटोळे यास द्यावी. माझ्यामागे पाचवे कलम शिराळ्याच्या त्याच खळ्यावर, पायताण काढून, मोठ्याने वाचावे.

पुरवणी, त्याच महिन्यात लिहिलेली.

वरील मजकूर वकिलांकडे देण्यापूर्वी मी बनुबाईला वाचून दाखवला. घर आणि पोस्टाला तिने मान डोलावली. सहावे कलम ऐकल्यावर म्हणाली, “आवं, मेल्यावर माफी मागून त्याला काय उपेग? तुमी तर सुटाल. जित्तेपनी जावा की!” मी म्हणालो, छाती दुखते. ती म्हणाली, “तवा बूट घालून हुबं ऱ्हायलात, तवा न्हाई दुखली.”

तेव्हा मी गेलो. कृष्णातने जीप चालवली. बरी चालवतो. केरबा सुट्टी काढून त्याच खळ्यावर कणसे वाहत होता. मी पायताण काढले आणि सगळ्यांसमोर पाचवे कलम तोंडाने सांगितले, टायरच्या मापासकट. केरबाच्या मेहुण्याचेही नाव घेऊन त्याची माफी मागितली. केरबाने पाटी खाली ठेवली.

“हे कागदावर लिवलंय व्हय?” त्याने विचारले.

“लिवलंय. आन् गाडीबी तुला लिवलीय.”

“मग त्या कागदावर साक्षीदार म्हनून मी सई करनार.”

चार दिवसांनी तो एस.टी.ने कोरेगावला आला. वकील गोपाळकृष्ण आगाशे यांनी त्याला समजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, उद्या कोर्टात गोंधळ होतो. साक्ष दुसऱ्या कोणाची घेऊ, तू गाडी घे.

“मग गाडी नगं,” केरबा म्हणाला.

मी चिडलो. “अरं गड्या, तुज्या पायाची कमाई हाय ती!”

“गाडी कुनाचीबी असंना, हवालदार. मी चोर न्हाई, असं जितं लिवलंय, तितं खाली माजं नाव माज्या हातानं पायजे.”

सबब सहावे कलम रद्द करतो. जीप पत्नी बनुबाई हिची. तिने किंवा कृष्णातने ती भंगारात काढू नये. ती चालवायला परत येशील का, असे मी केरबाला सर्वांसमोर विचारले. तो चहा प्यायला आणि सहीला बसला. बाकी सर्व कलमे, विशेषतः पाचवे, कायम.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजले, आणि खालील साक्षीदारांसमोर राजीखुशीने सही केली.

मुक्काम कोरेगाव, दिनांक १६ एप्रिल १९७८.

नाथाजी जोतिबा बर्गे

साक्षीदार, स्वहस्ते:

१. गोपाळकृष्ण नारायण आगाशे, वय ५२, धंदा वकिली, राहणार सातारा.

२. केरबा ज्ञानू पाटोळे, वय ४६, धंदा ड्रायव्हर, राहणार शिराळा, जिल्हा सांगली.

(दुसऱ्या साक्षीदाराच्या ओळीत कारकुनाने आधी ‘मजूर’ लिहिले होते. ते साक्षीदाराने स्वतः खोडून ‘ड्रायव्हर’ लिहिले. खाडाखोड मला मान्य आहे. — ना. जो. बर्गे)