रंभाबाईचा मिक्सर

मुठा, ६ फेब्रुवारी २०२५

चि. पियूष यास सगुणाबाईचा आशीर्वाद.

डॉक्टर नको म्हणतोय, तर तुझ्या बहिणीला सांगत न्हाई. गाडी दोघांची घसरली अन् माझा नातू निरंजन एकटाच गेला. जबड्याला तारा बांधलेल्या पोरीनं हंबरडा फोडला तर सगळं उसवंल, एवढं मला कळतंय. निरंजन पाय मोडून घरी पडलाय म्हणून तूच सांग. खोटं माझ्या हातून लिव्हवत न्हाई. झाकंल तेवढं झाकते.

सगुणाबाई

पुणे, ८ फेब्रुवारी

ती. आजी यांस उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

बोलता येत नाही, म्हणून पियूषच्या हाती हे पत्र. बंगल्यातल्या स्वरदाताईंना थाई करीचं हिरवं वाटण द्यायचंय. चुकलं तर काम जाईल. परसातला गवती चहा घ्या, फक्त खालचा पांढरा दांडा, अगदी बारीक चिरून. मिरच्या, लसूण, छोटे कांदे, लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं. थाई आलं फ्रिजमध्ये आहे. पाणी घालू नका, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा.

निरंजनचा पाय मोडलाय, हात नाही. लसूण त्याला सोलायला लावा. मला दोन ओळी लिही म्हणावं. रुसलाय का? गाडी तोच पळवत होता!

लोभ आहेच, रागवा पण सोडू नका.

उत्कर्षा

मुठा, ११ फेब्रुवारी

चि. सौ. उत्कर्षा हिस आशीर्वाद.

वाटण पोचलं. बाईनं बोटानं चाटलं अन् मान हलवली. लोकं उकिरड्यावर टाकत्यात ती मुळं धुवून विकायची, ही अक्कल तुझीच. दांडा जाड चिरला, तर पात्याला धागं गुंडाळलं. माझा मिक्सर जळंल म्हणून शेजारची रंभाबाई बोंबलली. तीच फिरवीत व्हती, मी उंबऱ्याभाईर बसून सांगत व्हते. लसूणबी तिनंच सोलला. निरंजनाच्यानं व्हत न्हाई. लिव्हणंबी न्हाई.

पेज गीळ अन् गप पड. माया हाय, ती मागायला लागत न्हाई.

सगुणाबाई

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. आजी यांस सा. न.

आपला मिक्सर धडधाकट आहे. निरंजननं याच कामासाठी मोठा आणलाय. मग वाटण रंभाबाईंकडे का? आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर का? सासूबाई गेल्या तेव्हा सुतकात आपल्या घरी वाटण-फोडणी बंद होती. तेव्हा तुम्ही मलाही असंच रंभाबाईंच्या दाराबाहेर बसवलं होतं.

पियूषला लिहून विचारलं. तो पेजेचं भांडं धुवायला घेऊन गेला.

जास्त काही लिहू नका. माझ्या नावाआधी 'सौ.' लिहा, नाहीतर लिहू नका.

उत्कर्षा

मुठा, १६ फेब्रुवारी

चि. उत्कर्षा हिस आशीर्वाद.

काल तेरावं झालं. आज आपला मिक्सर लावला. स्वरदाबाईनं परत वाटण सांगितलंय. दांडा बारीक चिरला, धागा आला न्हाई.

तारा निघंस्तवर तोंड उघडू नगंस. मग घरी ये. मिरच्या नसल्या तरी मिक्सर लावीन. त्या आवाजात रड, रंभाबाईलाबी ऐकू जायचं न्हाई.

तवर लोभ दाताखाली धरून ठेव.

तुझी आजी