गोंदणाची रांग

खातीपुरा, जयपूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नमालाताईस,
धाकट्या सुखदेवचा स. जयभीम वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. सोनोग्राफीत माझ्या लिव्हरला चरबी निघाली. मी हा असा काडीपहिलवान! सूनबाई मयूरीने सगळा दोष इथल्या बाटीवरच्या तुपाला दिला आणि डबा कुलपात टाकला. डॉक्टरांचं मात्र समाधान होईना. रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस सी. हा विषाणू म्हणे लिव्हरला चरबी धरून ठेवायला लावतो, रक्तात पुरती जाऊ देत नाही. म्हणून माझं कोलेस्टेरॉल कमी. आणि मी शहाण्याने त्याचे पेढे वाटले होते!

कधी कुणाची वापरलेली सुई टोचली का, असं त्यांनी विचारलं. मला गावची जत्रा आठवली. आपण दोघांनी एकाच गोंदणाऱ्याकडून दंडावर बाचं नाव गोंदून घेतलं होतं. कोलेस्टेरॉल तुझंही कमी आहे. ताई, रक्त तपासून घे.

उत्तर लवकर धाड, जीव टांगणीला आहे.
तुझा सुखदेव

वर्धा
१६ फेब्रुवारी

चि. सुखदेवास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. औषध टाळू नकोस बाप्पा. पण माझी काळजी सोड. कमी कोलेस्टेरॉलबद्दल दवाखान्यातल्या नर्सबाईने मला शाबासकी दिली, अन् तू त्यातच रोग शोधतोस? संध्याकाळी पाय सुजतात, ते दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवून. जेवण जात नाही, ते वयामुळे. माझ्या प्रज्ञानेही तपासणीचा हेका धरला होता, तिला गप्प केलं. बाच्या नावाला उगाच बोल लावू नकोस.

मयूरीला म्हणावं, दोष तुपाचा नव्हता, कुलूप काढ.
तुझी ताई

जयपूर
२४ फेब्रुवारी

ती. ताईस स. जयभीम.

पाय सुजतात हे वाचलं आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांना सांगितलं, तर लिव्हर बिघडलं की पाय सुजतात, एक दिवसही दवडू नका म्हणाले.

तू का टाळतेस ते मला कळलंय. त्या दिवशी मी भोकाड पसरलं होतं. दुखत नाही हे दाखवायला तू आधी बसलीस, मग मी. सुई तुझ्याकडून माझ्याकडे आली, हेच डोक्यात घेऊन बसलीस ना? अगं, तुझ्याआधी अख्खी रांग त्या सुईखालून गेली होती. आणि आलं असेल तुझ्यामागून, तर शाळेतही मी तुझ्यामागूनच गेलो की! माझ्या गोळ्या सुरू झाल्या. बहुतेकांचा हा आजार पार जातो. पण आधी तपासायला तर हवा.

रागव, पण जा.
तुझा सुखदेव

वर्धा
१२ मार्च

चि. सुखदेवास आशीर्वाद.

प्रज्ञासोबत जाऊन आले. तेच निघालं. लिव्हर कडक झालंय म्हणतात. गोळ्या मला तुझ्यापेक्षा जास्त दिवस घ्याव्या लागतील, नंतरही तपासण्या चुकणार नाहीत. भीती वाटते रे, खोटं कशाला लिहू.

तू ओळखलंस ते खरं. तुझं पत्र आल्यापासून मी बाही खाली ओढून बसत होते. रक्त घ्यायला नर्सबाईने ती वर केली, तर बाचं नाव समोर. सुईचं पाकीट मी तिला माझ्यासमोर फोडायला लावलं.

विषाणू गेला की कोलेस्टेरॉल वाढतं, असं इथले डॉक्टर सांगतात. तुझं वाढलं की सगळ्यांत आधी मला कळव. या वेळी तू पुढे बस, मी मागून येते.

वाट पाहणारी,
ताई