चष्म्याच्या दुकानातली शोकांतिका

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीये, त्यामुळे पत्रातच वाकतोय.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींची तब्येत आणि पारा, दोन्ही कळव. तुझी लेक इकडे खुशाल आहे. मात्र तिला परीक्षेला लागलेल्या त्या जुन्या शोकांत नाटकाने माझ्या दुकानाचं जे करून ठेवलंय, ते तुझ्या कानावर घालायलाच हवं.

त्याचं असं झालं. नाटकातला राजा साथीच्या भीतीने नगराचं दार लावून घेतो. बाहेर राहिलेली त्याची मुलगी हाका मारते, तो उघडत नाही. उघडतो तेव्हा उशीर झालेला असतो. पण तुझ्या लेकीने आणलेल्या गाइडांनी त्याची अशी चिरफाड केली होती की विचारू नकोस. एकात कारण अहंकार, दुसऱ्यात नियती, तिसऱ्यात 'वरील दोन्ही'. पोर दिवसभर 'शोकांत नायकाची लक्षणे' घोकायची आणि पुस्तक मिटलं की त त प प. मग माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. नजर तपासायच्या तक्त्यावर मी नाटकातले संवादच छापले. वर ठळक 'दार', खाली 'दार उघडा', मग 'बाबा, मी आहे', असं बारीक होत होत शेवटपर्यंत. दुकानात बसल्या बसल्या तिच्या नजरेखालून जाईल, एवढाच हेतू. (गिऱ्हाइकंही वाचणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चष्मेवाल्याच्या!)

पहिले आले एक निवृत्त बसड्रायव्हर आजोबा. तिसऱ्या ओळीवर अडले. मी भिंग बदललं, पुन्हा बदललं. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो दिसतंय सगळं! तिला आत घेतलं का, ते सांगा आधी." मी तर दुसऱ्या अंकातच झोपलेलो, म्हणून तुझ्या लेकीने पुढची गोष्ट सांगितली. आजोबांचे डोळे भरून आले. पाण्यातून नंबर काढायचा कसा? उद्या या म्हटलं, तर येताना बायकोला घेऊन आले. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली! मग शेजारची शिंपीणबाई, तिची जाऊ... खुर्च्या पुरेनात आणि चष्मा कुणालाच नको.

एकदा आजोबांनी विचारलं, "राजा दुष्टच म्हणायचा, नाही का?" म्हटलं, आली आता लक्षणे. तर तुझी लेक काच पुसता पुसता म्हणाली, "दुष्ट नाही हो. घाबरला होता. आणि घाबरलोय म्हणायची त्याला सवय नव्हती."

ताई, हे उत्तर गाइडात नाही, मी तिन्ही चाळली. तिने इंजिनिअरिंग सोडलं तेव्हापासून भावजी तिच्याशी बोलत नाहीत आणि ती त्यांचा विषय काढत नाही. मला तो तिचा हट्ट वाटत होता.

असो. अभ्यास झकास चाललाय. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. तक्ता उतरवून जुना लावला. शिंपीणबाई म्हणाल्या, "ह्यात काही कथा नाही."

आणखी एक ता. क. सोमवारी पेपर आहे. केंद्रावर सोडायला येतो म्हटलं, तर म्हणाली, "तू नको मामा, तूच रडशील." मग कुणी यावं, असं विचारलं, तर उगाच पिशवी आवरत बसली. तेव्हा भावजींना रविवारीच इकडे पाठव. नजर तपासायचीये म्हणून सांग. माझी स्कूटर त्यांना देईन. वाटेत बोललंच पाहिजे असं काही नाही, म्हणावं; स्कूटरवर तसंही ऐकू येत नाही.