बाथ अजून लांब आहे

४ ऑगस्ट २०२०
बटण दाबलंय. बोलतेय. नात निहारिका म्हणाली, "आज्जी, तू नुसती बोल, फोन लिहील. कोणी वाचणार नाही, प्रॉमिस." मलाही वाचता येत नाही — म्हणजे गुपित अगदी पक्कं.

आमचे हे डँडेनॉन्गच्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये. खुबा मोडला म्हणून थोडे दिवस ठेवलं, तेवढ्यात करोनामुळे सगळी दारं बंद. आता घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. होम पलीकडे.

७ ऑगस्ट
हे जेवत नाहीत. नर्स चमचा धरून बसते, हे भिंतीकडे तोंड फिरवतात. शैलेंद्र म्हणाला, "आई, असंच चाललं तर नळी घालावी लागेल." माझा मुलगा. वाईट बातमीसुद्धा इस्त्री करून आणतो.

८ ऑगस्ट
व्हिडिओवर सहज म्हटलं, "अहो, इंग्लंडातली ती वाट आठवते का?"

शैलेंद्र ब्रिस्टलला नोकरीला होता तेव्हा आम्ही दोघं चाललो होतो. कॉट्सवोल्ड वे. डोंगराच्या कडेकडेने, शेतांमधून, पार बाथ शहरापर्यंत. मी पातळाखाली बूट घालून! यांनी मान वळवली. म्हटलं, "चला मग. एक घास पहिल्या फाटकाचा." नर्सला काय कळलं कोण जाणे, तिने चमचा पुढे केला आणि यांनी तोंड उघडलं.

शैलेंद्रला काऊचा घास, चिऊचा घास करत भरवायची, तेव्हा हे पेपराआड हसायचे. आता स्वतःची पाळी आली.

१५ ऑगस्ट
रोज थोडं चालतो. एक घास मेंढीचा, एक दगडी कुंपणाचा. आज ते झुलतं फाटक आलं, एका वेळी एकच माणूस जाईल असं. तिकडची रीत अशी, की पुढे गेलेल्याने मुका घेतल्याशिवाय मागच्याला सोडायचं नाही. तेव्हा ही रीत मला सांगताना यांचे कान लाल झाले होते. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मेंढ्याच फक्त. पुढचं फोनलाही सांगणार नाही.

बटाट्याची वाटी संपली आज.

२३ ऑगस्ट
निहारिकाने नकाशा काढला. "आज्जी, यू आर ऑलमोस्ट देअर. बाथ आलंच की!"

बाथ आलं की वाट संपली. मग घास कशाचा देऊ?

२४ ऑगस्ट
वाट चुकवली. मुद्दाम.

३० ऑगस्ट
आज एक अख्खं गाव घातलं मध्ये. चर्च, तळं, तळ्यात एक भांडखोर बदक, चहाच्या दुकानात शिष्ट बाई. शैलेंद्र मागून पुटपुटला, "आई, असं गावच नाहीये तिथे. मी बघितलं."

"तू होतास का आमच्याबरोबर?"

हे मात्र खात होते. कालच्यापेक्षा दोन घास जास्तच.

५ सप्टेंबर
अजून एक गाव. आता मलाच खरी कुठली नि माझी कुठली कळेनासं झालंय. संध्याकाळी गॅलरीत बसले तर त्या बदकाचीही आठवण आली.

९ सप्टेंबर
शैलेंद्र चहा टाकायला उठला, तेव्हा हे फोनच्या अगदी जवळ आले. हळूच म्हणाले, "अगं, कितीतरी दिवसांत तू सांगितलेलं एकही गाव वाटेत नव्हतं."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"मला भूक नसते," म्हणाले. "तू बोलत राहावंस म्हणून तोंड उघडतो. उद्याचं गाव जरा मोठं घाल."